मागच्याचं वाकडं तोंड

मी पुढचं चाक बोलतोय. हो, पुढचंच. मागच्याची विचारपूस करायला सगळे येतात, आज घटकाभर माझंही ऐका.

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण तुम्ही लहानपणापासून ऐकत आला असाल. पण तुम्ही ती शहाण्याच्या बाजूने ऐकता. मी जन्मभर ठेचेच्या बाजूने जगलोय. दगड आला की आधी माझ्या कपाळावर. खड्डा आला की आधी मी आत. ओढ्याचं गार पाणीही आधी माझ्याच अंगावर. मागचं येतं सावकाश, मी मळलेल्या वाटेने, आणि वर शहाणं म्हणून मिरवतं.

मी एका छोट्या मोटारसायकलचं चाक आहे. डांबरी रस्त्यावर चमकणारी गाडी नव्हे ही. चिखल, गोटे, ओढे यांतून वाट काढणारी, अंगाने किडकिडीत आणि पायांनी उंच, एखाद्या शिंगरासारखी. कारखान्यात आम्हा दोघांचे स्पोक एकाच दिवशी, एकाच बाईने विणले. म्हणजे आम्ही सख्खी भावंडं. मी घेराने मोठा आणि बारीक, ते बुटकं पण अंगाने भरलेलं. त्या बाईने मला फिरवून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. त्याला फिरवून पाहिलं आणि वर एक थापटी दिली. ती थापटी मी अजून विसरलो नाही.

गाडी आणली या घरातल्या थोरल्यांनी. पहिल्याच दिवशी बायकोला मागे बसवून ते ओढ्यापर्यंत गेले होते. तिला मी थोरली म्हणतो, कारण घरातली मोठी सून ती. ओढ्यातून जाताना ती डोळे मिटून देवाचं नाव घेत होती, आणि पलीकडे पोचल्यावर म्हणाली होती, “परत एकदा जाऊ या ना.” पुढे थोरल्यांना लांबच्या बंदरावर काम लागलं. ते गेले आणि गाडी धाकटीकडे आली.

धाकटी म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची बायको, थोरलीची जाऊ. ती जनावरांची डॉक्टर आहे. डोंगरावरच्या कुरणांत मेंढ्या असतात, गाई असतात, त्यांना लस टोचायला तिला वर जावं लागतं. तिथवर मोठी गाडी जात नाही, आम्ही जातो.

चालवायची धाकटीने, पण निगा मात्र थोरलीकडेच राहिली. तिच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. माहेराहून ती काय घेऊन आली असेल तर तो कान. हातात पाना घेऊन ती एकेका स्पोकवर हलकेच टिचकी मारते. घट्ट असेल तो छान वाजतो, ढिला असेल तो बद्द वाजतो. ओठांत जप चाललेला असतो आणि हात स्पोकवर फिरत असतो. कधी कधी मला कळायचं नाही, ती देवाचं नाव मोजतेय की माझे स्पोक.

आता तुम्ही म्हणाल, एवढी माया मिळाली, मग तक्रार कसली? सांगतो.

स्पोकचं काम आधी मागच्याचं. त्याला साखळी असते ना, मग साखळीला तेल आलं, साखळीची ओढ तपासणं आलं. इंजिनाचं सगळं बळ त्याच्यातून जातं म्हणून त्याचा टायर लवकर झिजतो. मग नवा टायर. परत झिजला, परत नवा. दर हंगामाला नवी नवरी घरात यावी तसा नव्या रबराचा वास घेऊन ते उभं. मी लवकर झिजत नाही म्हणून माझा टायर आजवर एकदाच बदलला, आणि बदलावा लागत नाही म्हणून माझ्याकडे कोणी बघत नाही. जो कुरकुर करत नाही त्याला या जगात तेल मिळत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

शेडमध्ये गाडी लावताना हँडल वळवून ठेवतात. तेव्हा मला तिरक्या नजरेने मागचं दिसतं. सरळ काही दिसत नाही, पण मत्सराला तिरकी नजर पुरते.

शेडच्या भिंतीला लागूनच स्वयंपाकघराची खिडकी आहे. त्यामुळे घरातलं सगळं माझ्या कानावर येतं. संध्याकाळी धाकटी आली की पाण्याचा तांब्या पुढे येतो, “दमलीस का गं?” होतं, धाकटा तिची बॅग उचलून आत नेतो. थोरली पहाटेपासून उभी असते, तिला ‘दमलीस का’ विचारणारा माणूस बंदरावर. घराचं पुढचं चाक तीच, असं मला वाटायचं. म्हणून तिच्यावर माझा जीव.

धाकटी पहिल्यांदा डोंगरावर जायला लागली, त्याच दिवशी थोरलीने गोड सोडलं. चहातली साखरसुद्धा. शेडमध्ये माझ्यापाशी हवा भरत बसली होती, तेव्हा हात जोडून पुटपुटताना मी ऐकलं. डोंगरावरचा पहिला हंगाम सुखरूप पार पडू दे, मग गोड खाईन, असा तो नवस. कोणाला बोलली नाही. काही दिवसांनी धाकटीने पहिल्या पगारातून गोडाचा पुडा आणला आणि पहिला घास थोरलीपुढे धरला. थोरली म्हणाली, “मला नको. तुम्ही खा.” धाकटीचा हात तसाच राहिला. पुडा कितीतरी दिवस कपाटात होता. शेवटी मुंग्यांनी खाल्ला.

हंगाम संपत आला तशी माझ्या टायरला भेगा पडू लागल्या. टायरवरचे जे उंचवटे माती धरतात त्यांना धाकटी नखं म्हणते. माझी नखं बोथट झाली होती. धाकटीच्या लक्षात आलं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! तिने दवाखान्यातून फोन करून नवऱ्याजवळ निरोप दिला.

धाकटा शाळेत गणित शिकवतो. आकडे चोख, पण निरोप पोचवताना अर्धा वाटेत सांडतो. तो दारातूनच म्हणाला, “वहिनी, तिचा फोन होता. टायर आणणार असाल तर मागचाच आणा म्हणाली. तो छान होता.”

थोरली म्हणाली, “मागच्याला अजून नखं आहेत की, भाऊजी.”

“आता डॉक्टरीणबाई म्हणतायत म्हणजे असेल काहीतरी,” तो हसत म्हणाला. हसण्यावारी बोलला, पण थोरलीला ते कुठेतरी बोचलं असावं. ती तशीच उठून बाजारात गेली आणि मागच्या चाकाचा टायर घेऊन आली.

मी पाहत राहिलो. परत त्यालाच.

मागचं चाक काढून तिने खोक्यावर आडवं टाकलं. लोखंडी पट्ट्या घालून जुना टायर उतरवला, ट्यूबला पावडर लावली, नव्याच्या कडेला साबणाचं पाणी लावलं आणि गुडघ्याने दाबत दाबत तो बसवला. आता एकच काम राहिलं होतं. डोंगरात आमच्यात हवा कमी ठेवतात, म्हणजे टायर दगडाला बिलगतो. पण हवा कमी असली की टायर रिमवर घसरायची भीती. म्हणून मागच्या रिममध्ये एक पकड असते, ती टायरची कड दाबून धरते. तिचा नट बाहेरून पान्याने आवळायचा असतो. थोरलीने तो बोटांनी फिरवला आणि पान्याकडे हात नेला, तेवढ्यात धाकटी आली.

“अहो ताई, हा कशाला आणलात? मी म्हटलं होतं मागचा, म्हणजे मागच्या वेळचा. पुढच्या चाकाला मागच्या वेळी घातला होता ना, तसला.”

धाकटा खो खो हसत सुटला. “म्हणजे पुढचा मागचा, मागचा पुढचा नव्हे! वहिनी, गणितसुद्धा एवढं अवघड नसतं.”

धाकटीलाही हसू फुटलं. वाईट हेतूने नव्हे, पण फुटलं. थोरली उठली, हात फडक्याला पुसले आणि म्हणाली, “मी आपली सायकलवाल्याची मुलगी. मला पुढचं आणि मागचं एवढंच कळतं.” आणि आत गेली. पाना तिथेच खाली राहिला. नवरा-बायकोने चाक उचलून गाडीला बसवलं. त्यांना वाटलं, काम झालेलंच आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही कड्याच्या वाटेने वर गेलो. एका बाजूला उभा दगड, दुसऱ्या बाजूला नुसती हवा. एवढ्या रुंदीत एक शेळी आणि एक मोटारसायकल एकमेकींना वाट देऊ शकत नाहीत. तिथे मागचं डुलायला लागलं. शेपूट हलवल्यासारखं डावीकडे, उजवीकडे. नव्या टायरची मिजास, मी मनात म्हटलं. धाकटीचे हात हँडलवर लाकडासारखे झालेले मला जाणवत होते. एका वळणावर मी कडेचा दगड दातांनी धरावा तसा धरला म्हणून आम्ही वाचलो. श्रेय अर्थातच मला कोणी दिलं नाही.

घरी आलो. हँडल वळलं. तिरक्या नजरेने पाहतो तर मागचं मला वेडावून दाखवत होतं.

आमच्यात हवा भरायची जी नळी असते, तिला या घरात तोंड म्हणतात. रिममधून ती सरळ उभी असायला हवी. मागच्याने ती एका बाजूला वाकडी केली होती. नवा टायर मिळाला तो मिळाला, वर मला पाहून तोंड वाकडं! माझ्या अंगाची अशी आग झाली की माझ्यातली हवा तापली असेल.

आतही तेच चाललं होतं. धाकटी जेवली नाही. थोरली म्हणाली, “टायरचा राग अन्नावर कशाला काढतेस?” धाकटी म्हणाली, “राग नाही, ताई,” आणि उठून गेली. मग थोरलीचा आवाज आला, “बघितलंत भाऊजी, तोंड कसं वाकडं केलं ते?”

मी मनात म्हटलं, बाई, तू आणि मी एकाच नशिबाचे.

थोड्या वेळाने धाकटी नवऱ्याला घेऊन शेडपाशी आली. घरात ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलत होती. माझ्यासमोर बोलायला हरकत नव्हती, मी कोण मोठा. ती म्हणाली, कड्यावर गाडी हातात राहत नव्हती. आपला हात गेला, धीर गेला. उद्याची शेवटची फेरी केली की वरची वाट सोडायची. खाली टेबलावरचं काम मागून घ्यायचं. धाकटा म्हणाला, मग उद्याची तरी कशाला? ती म्हणाली, वर मेंढ्या तोंडाला फेस येऊन पडतायत, लस माझ्याकडे आहे. आणि डोळे पुसत आत गेली.

मग त्या अंधुक शेडमध्ये, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मागचं माझ्याशी बोललं.

“दादा, मी तोंड वाकडं करत नाहीये. ओढतंय मला. टायर रिमवर सरकतोय आणि ट्यूबला घेऊन चाललाय. तोंडाच्या मानेतून हवा जातेय. उद्या कड्यावर ती तुटेल.”

दादा. मला वाटायचं, ते मला काहीच म्हणत नाही.

आता तुम्हीच सांगा, चाकाने काय करावं? आम्हाला हात नाहीत. हाक मारली तर ती तुम्हाला करकर वाटते. थोरली संकटात जे करते तेच मला सुचलं. मी नवस बोललो. देवा, उद्या निघण्याआधी मागच्याकडे कोणाचं तरी लक्ष जाऊ दे, मी जन्मात नवा टायर मागणार नाही.

देव नवसाला धावतो, पण आधी आपलं जे काही असेल ते आपण करावं लागतं, हे मी थोरलीकडूनच शिकलोय. माझ्या अंगात कड्यावरचा एक काटा रुतलेला होता. तो घट्ट धरून ठेवला होता म्हणून हवा कोंडून होती. हवा जाऊन जमिनीला बसायची मला लाज वाटते ना, पुढच्याने कसं बसायचं? पण त्या वेळी मी तो काटा ढिला सोडला आणि हळूहळू श्वास सोडून दिला.

सकाळी थोरली शेड झाडायला आली आणि थबकली. मी जमिनीला टेकलो होतो. ती माझ्यापाशी बसली. किती दिवसांनी बसली! “तुला काय झालं रे बाबा? तुझं तर कधी काही नसतं.” काटा शोधून काढला, साबणाच्या पाण्यात हात बुडवला आणि फडकं घ्यायला मागच्याकडे वळली ती तशीच राहिली.

“अगं, इकडे ये.”

“ताई, उशीर होतोय मला,” धाकटी आतून म्हणाली.

“होऊ दे. याचं तोंड बघ.”

धाकटी आली. थोरलीने त्या वाकड्या नळीवर बोट ठेवलं. “मी पकड आवळलीच नाही. हसलात म्हणून रागाने उठले आणि पाना तिथेच टाकला. तू हे घेऊन कड्यावर गेली होतीस.”

धाकटी खोक्यावर बसली. त्या नळीकडे पाहत म्हणाली, “गाडी मागून शेपूट हलवत होती. मला वाटलं, माझाच हात गेला. मी काम सोडायला निघाले होते, ताई.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही बोलत कुठे होता माझ्याशी? माझ्या पहिल्या पगाराचं गोडसुद्धा तोंडात घातलं नाहीत.”

थोरलीने कपाळाला हात लावला. साबणाचा फेस कपाळावर आला. “साखर तुझ्यासाठीच तर सोडलीय, बाई. तू वर जायला लागलीस त्या दिवसापासून.”

“मग सांगायचं तरी.”

“बोलून दाखवला की नवसाचा जोर जातो म्हणतात.”

धाकटी रडत होती की हसत होती, मला नीट कळलं नाही. म्हणाली, “म्हणजे तुम्ही माझ्यासाठी गोड सोडलंत, आणि मला वाटलं, मलाच सोडलंत.”

थोरलीने कपाळावरचा फेस पुसला. मग खाली बघत म्हणाली, “देवासमोर खोटं बोलत नाही. गाडी तुझ्याकडे गेली तेव्हा माझ्या पोटात दुखलं होतं. रोज तुझ्यासाठी हात जोडायचे आणि रोज थोडं दुखायचं. दोन्ही खरं आहे.”

माझे सगळे स्पोक एकदम बद्द झाले. कारण मला वाटलं होतं, असं फक्त माझंच होतं.

मग दोघी कामाला लागल्या. माझ्या ट्यूबला ठिगळ लावलं. मागच्याची सगळी हवा सोडली, ट्यूब काढून मान तपासली. चिरली होती. जुनी जपून ठेवलेली ट्यूब घातली, तोंड सरळ उभं केलं, थोडी हवा भरली. राहिली ती पकड. पाना थोरलीने धाकटीच्या हातात दिला. “तू आवळ. मी बघते.” धाकटीने आवळलं, थोरलीने अर्धा फेरा आणखी दिला. वडिलांची सवय. मग स्पोकवर टिचकी. मागच्याचे वाजले, माझे वाजले. एवढ्यात धाकटा डबा घेऊन आला आणि विचारायला लागला, आता पुढचा की मागचा? दोघींनी त्याच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की तो डबा ठेवून परत गेला.

कड्यावर त्या दिवशी मागचं माझ्यामागे असं आलं की जणू मी पाय ठेवीन तिथेच पाय. धाकटीचे हात हँडलवर हलके होते. वळणावरचा तो दगड मी परत पाहिला, पण धरावा लागला नाही. वर मेंढ्या होत्या, मेंढपाळाची म्हातारी होती, सगळ्यांना लस मिळाली. म्हणजे मेंढ्यांना. म्हातारी म्हणत होती, मलाही टोच, गुडघा दुखतो.

हंगाम संपला. टेबलावरच्या कामाचं नाव कोणी काढलं नाही. शेवटच्या फेरीहून आलो त्या संध्याकाळी धाकटीने स्वतः चहा केला आणि थोरलीच्या कपात साखर घालताना हात आवरला नाही. थोरलीने पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले, ओढ्यातून जाताना मिटायची तसे. धाकटी म्हणाली, “ताई, उद्या मागे बसा. ओढ्यापर्यंत जाऊन येऊ.”

आणि धाकटीने बाजारातून काय आणलं असेल? पुढचा टायर. मागच्या वेळचा, म्हणजे माझा. मी मागितला नव्हता, नवस पाळला. न मागता मिळालं तर नवस मोडला असं होत नाही ना? तुमच्यात कोणी जाणकार असेल तर सांगा, मला अधूनमधून काळजी वाटते.

आता मी नव्या नखांनी उभा आहे. मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. साखळीला तेल घालताना अजून तिरकं बघतो. पण तुम्हाला एक विनंती आहे. घरात, शेजारी, कामावर कोणाचं तोंड वाकडं दिसलं तर ते तुमच्यासाठीच केलंय असं लगेच ठरवू नका. कुठे ओढतंय का, ते आधी विचारा.

थोरली हल्ली रोज सकाळी हात जोडून झाले की शेडमध्ये येते आणि आमची दोघांची तोंडं सरळ आहेत का ते पाहते. काल तिने आधी मागच्याचं पाहिलं. नेहमीप्रमाणे. माझं तोंड जरासं वाकडं झालं असावं, कारण जाता जाता ती वळली, माझ्यापाशी वाकली आणि म्हणाली, “तुला कुठे दुखतंय रे?”